पावणीतलं पोतं

"गोव्यात कसली आलीय थंडी?"
पणजीहून आलेली सुपरवायझर बाई म्हणाली,
अंगणवाडीच्या रजिस्टरवर सही करता करता.
तिचंही बरोबरच होतं. दुपारचे दोन वाजले होते.

तिनं पहाटे तीनला यायला हवं होतं केरीत,
चोर्ल्याचा घाट उतरून वारा येतो तेव्हा.
पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून शिरतो,
बाकी कुणाला फारसा हात लावत नाही,
थेट मामंजींच्या गुडघ्यांवर जाऊन बसतो,
पत्ता विचारत विचारत आल्यासारखा.

कॅलेंडरच्या पाठीवर माझा हिशेब आहे.
सिलिंडर: पेज, डाळ, चहा एवढंच केलं तर बावन्न दिवस.
न्हाणाचं पाणी चढवलं तर चौतीस.
घरमालकाचा सबमीटर: युनिटला बारा रुपये.
परीक्षेच्या दिवशी शर्मदानं बादलीत रॉड सोडला,
मग दुसऱ्या दिवशीही, मग पेपर संपेपर्यंत.
बिल आलं तेव्हा तिनंच तो पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून
कपाटावर ठेवला, लग्नातला दागिना ठेवावा तसा.

घरात चूल नको, मालकानं बजावलंय.
भिंतीला नवा रंग आहे. पोपटी.
मी काही बोलले नाही.
मागं फणसाखाली तीन धोंडे मांडले.
पण धोंडे काही आपण होऊन पेटत नाहीत.

वखारवाला किलोवर देतो. ओलं लाकूड जड भरतं,
त्यालाही ठाऊक आहे, मलाही.
कारखान्यातली काजूची टरफलं स्वस्त पडतात,
पण गेल्या साली त्यांचं तेल उडून हाताला फोड आले,
आणि त्या धुरानं मामंजी खोकून खोकून
(हे वाक्य मी त्यांच्यासमोर पुरं करत नाही).

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात पावणी.
केळ्यांचे घड गेले, दोन साड्या गेल्या,
एक भोपळा हसत हसत साडेचारशेला गेला.
गोकुळदास पुकारत होता, आवाज बसलेला.
सगळ्यात शेवटी कोपऱ्यातली चार पोती:
फोडलेल्या नारळांची सोडणं.
"बोला!"
कुणी बोलेना. लोक चपला शोधायला लागले होते.
मी म्हटलं, "वीस."
माझाच आवाज मला परका वाटला.
देवळात मी आजवर मनातल्या मनातच मागत आले होते.
मागून कुणा पोरानं गंमत म्हणून ओरडून दिलं, "पन्नास!"
हशा.
माझ्या पाकिटात पस्तीस होते.
गोकुळदासनं त्या पोराकडे मानही वळवली नाही.
एरवी एकेका वाराला तो थांबतो, सगळ्यांवर नजर फिरवतो,
"वीस, एकवार-दोनवार-तीनवार," एका दमात म्हणाला
आणि घंटा बडवली.
देवीनं ऐकलं असेल तर ऐकलं.

दोन खेपा झाल्या. दुसरीला शर्मदा आली,
तोंडावर ओढणी घेऊन. तिच्या वर्गातली मुलं
नाक्यावर उभी होती.
तेव्हाही मी काही बोलले नाही.

सोडण पटकन पेटत नाही. आधी रुसतं, धुमसतं,
डोळ्यांत पाणी आणतं,
मग आतून लाल होतं आणि तासभर लालच राहतं.
भाणाच्या बुडाला तेवढं पुरतं.

रात्री उरलेलं पाणी मी बाटलीत भरते,
फेणीची जुनी बाटली, जाड काचेची.
आधी कोमट ओतून काचेला समजावायचं,
मग कढत. बूच. वरून शाळेचा एकटा उरलेला मोजा.
वाकळीखाली, दोन गुडघ्यांच्या मध्ये.

मामंजी दर रात्री बूच हुंगतात.
"पाणीच आहे," मी म्हणते.
"ठाऊक आहे गो. पण बाटलीला अजून आठवतंय."

तीन पोती उरलीत. वर प्लास्टिक घातलंय,
चार कोपऱ्यांना चार धोंडे.
पहाटे दंव फार पडतं.